सड्यावरचं सतरावं डबकं

श्रावण लागला की माझ्या कपाटातल्या चामडी चपलांवर पांढुरकी बुरशी धरते. सांगलीत पाऊस तसा बेताचा. दोन सरी येतात, मग ऊन पडतं, मग दिवसभर नुसतं मळभ. तरी त्या दोन-तीन आठवड्यांत भिंतींना कुठून तरी ओल फुटते. सूनबाई कपाटात कापराच्या वड्या ठेवते. मी चपला काढून ओटीवर बसते आणि जुन्या फडक्यानं पुसत राहते. ओल्या चामड्याला भिजलेल्या घोंगडीसारखा वास येतो. तो आला की माझा हात थांबतो. सूनबाई विचारते, "आई, काय झालं?" मी म्हणते, "काही नाही, पाठ धरली."

पाठ धरलेली नसते. कान धरलेले असतात. मी ऐकत असते.

सत्तरच्या दशकातला, मधल्या कुठल्याशा वर्षातला पावसाळा. मी तेवीस वर्षांची होते. साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करत होते आणि प्रबंधाला विषय शोधत होते. आमचे देवधर सर मूळचे कोकणातले. समुद्राचा विषय निघाला की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. एकदा प्रयोगशाळेत ते म्हणाले, "ओहोटी लागली की खडकांच्या खळग्यांत पाणी मागे राहतं. प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटं जग. मोठ्या खळग्यात किती जाती, लहानात किती, दोन खळगे जोडलेले असले तर काय होतं, यावर बाहेर पुष्कळ काम झालंय. आपल्याकडे समुद्र नाही."

मग तेच म्हणाले, "पण सडा आहे."

सडा म्हणजे पश्चिमेकडच्या डोंगरांचा सपाट, उघडा माथा. काळपट तांबडा जांभ्या खडक, त्यावर वीतभर माती, झाड नावाला नाही. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात त्याच्या प्रत्येक खळग्यात पाणी साठतं आणि त्या पाण्यात चार महिन्यांचे संसार उभे राहतात. इथली भरती जूनमध्ये येते आणि ओहोटी दिवाळीच्या आसपास. सर म्हणाले, "जा आणि मोज."

सड्यावर राहायची सोय एका गवळी धनगराच्या घरी झाली. घरधनी कोंडिबा झोरे आणि त्यांची बायको भागूबाई. त्यांना मी मामा आणि मावशी म्हणायला लागले. बांबूच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर, अर्ध्या घरात माणसं आणि अर्ध्यात आठ म्हशी. मधे भिंत नव्हती, एक आडवं लाकूड होतं. झोपताना म्हशींचे श्वास ऐकू यायचे आणि त्यांच्या अंगाची ऊब इकडे यायची. सगळ्या घराला धूर, ताक आणि ओली घोंगडी यांचा मिळून एकच वास होता.

पहिल्याच सकाळी मी दार उघडलं आणि पुढे काहीच नव्हतं. अंगण नव्हतं, पायवाट नव्हती. धुकं उंबऱ्याला येऊन टेकलं होतं. मी पाऊल टाकायला घाबरले, तशी मावशी मागून हसली.

"भिऊ नगंस. धुकं हाय त्ये. पायाखालचं बघून चालायचं. लांबचं बघाय गेलं तर मानूस पडतंय."

मावशी पन्नाशीची असेल. बुटकी, रुंद, हाताचे तळवे मोठे. त्या हातांनी सड्यावरच्या आणि खालच्या वाड्यांतल्या किती बाळांची नाळ कापली होती, ते तिलाही सांगता यायचं नाही. बाळंतपण अडलं की माणसं तिच्याकडे यायची. दवाखाना फार खाली होता आणि पावसात तिथवर पोहोचणं तिथल्या बायकांच्या नशिबात नसायचं.

मी कामाला लागले. डोक्यावर पानांचं इरलं, हातात मोजपट्टी, गळ्यात मेणकापडात गुंडाळलेली वही. डबक्यांच्या कडेला खडकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकले. लांबी, रुंदी, खोली मोजायची. मग चहाच्या गाळणीनं पाणी ढवळून आत कोण कोण आहे ते टिपायचं. बेडकांची पिल्लं, पाणभुंगे, पाठीवर पोहणारे पाणढेकूण, चतुरांच्या अळ्या, मिरीएवढ्या गोगलगाई, बोटाच्या पेराएवढे खेकडे. पाण्यातली झाडंही होती. केसांसारखी बारीक, त्यांच्या टोकाला जांभळी फुलं.

दोन आठवड्यांत वहीतून एक गोष्ट दिसायला लागली, आणि ती सरांनी सांगितल्यासारखीच होती. डबकं जेवढं मोठं, तेवढे आत राहणारे जास्त प्रकारचे. मोठ्या पावसात ज्या डबक्यांचं पाणी काठ ओलांडून एकमेकांत जायचं, त्यांच्यात तर आणखी जास्त. एकात काही संपलं तर शेजारून पुन्हा यायचं. मला फार आनंद झाला होता. जग कसं चालतं याचा एक धागा माझ्या हाती लागला होता, आणि तो मी चहाच्या गाळणीनं शोधला होता.

फक्त सतरा नंबर त्यात बसत नव्हतं.

सतरा नंबरचं डबकं चारेक बोटं उंचीच्या एका उंचवट्यावर होतं. भाकरी थापायच्या काठवटीएवढं असेल, खोली वीतभरही नाही. आजूबाजूचं कुठलंच पाणी तिथवर चढत नव्हतं. वरून पडेल ते त्याचं. त्यात बेडूक नव्हते, भुंगे नव्हते, काही नव्हतं. एकच जीव होता, पण शेकड्यांनी. काचेसारखे आरपार दिसणारे, नखाएवढे, कोलंबीच्या जातीचे. ते पाठीवर उताणे पोहायचे. पोटाकडचे बारीक पाय सारखे हलवत, आभाळाकडे तोंड करून. एवढा पाऊस, एवढा वारा, आणि त्यांचं ते शांतपणे वर बघत फिरणं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाळणी पाण्यात घालायला माझा हात धजला नाही.

मावशीला ते ठाऊक होते. "उतानी म्हनतो आमी त्यास्नी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात हितं धुरळा असतोय. त्यात त्येंची अंडी पडून ऱ्हात्यात. पाऊस आला की उठत्यात. माजी आजी म्हनायची, ही मेलेली मानसं हायती, आभाळाकडं बघत्यात."

"आणि बाकीच्या डबक्यांत का नाहीत?"

"तितं खानारी हायती की. हितं कोन येतंय?"

ती प्रबंधात बसणारी गोष्ट तिनं अशी सहज सांगून टाकली. मी ती वहीत टिपलीसुद्धा नाही.

सड्याच्या पूर्वेला कडा होता. कड्याखाली खोल दरी, दरीपलीकडे दुसरा कडा आणि त्यावर दुसरा सडा. तिथे मावशीची एकुलती एक लेक दिली होती, सगुणा. लगीन झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि दरीत गाव होतं. सकाळी माहेराहून निघालं, दरी उतरून गावातनं पलीकडे चढलं, की न्याहारीच्या वेळेला सासरी. मग खाली धरण झालं. पाणी चढत चढत दरीत आलं. गाव गेलं, वाट गेली. आता पलीकडे जायचं तर पाण्याला वळसा घालून पुरते दोन दिवस चालायचं. उन्हाळ्यात लाँच असायची, पण पावसाळ्यात ती बंद.

म्हणून मायलेकींनी हाळीची वाट काढली होती. रोज दुपारी, म्हशी बसल्या की, मावशी कड्यावर जाऊन उभी राहायची. तोंडाभोवती तळवे धरून एक लांब हाळी द्यायची. पाण्यावरून आवाज जायचा आणि थोड्या वेळानं पलीकडून एक लांब हाळी यायची. शब्द नाहीत. नुसता आवाज. धुकं फाटलं तर पलीकडे एक ठिपका दिसायचा, नाही फाटलं तर नाही.

"एक लांब म्हंजी समदं बरं हाय," मावशीनं मला समजावलं होतं. "दोन तुटक म्हंजी या."

सगुणाला दिवस होते. पहिला मुलगा माहेरी झाला होता. हे दुसरं भाद्रपदात व्हायचं होतं. धुकं विरळ झालं की मामा तिला आणायला जाणार होते. मावशीनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. शिवताना ती मला विचारायची, "तुज्या वहीत लिव्हलंय का गं, पोरगा हुईल का पोरगी?" मी म्हणायचे, "माझ्या वहीत बेडूक आहेत, मावशी." मग आम्ही दोघी हसायचो.

मधे एकदा मी साताऱ्याला जाऊन आले. सरांना आकडे दाखवले. ते खूश झाले, आणि सतरा नंबरपाशी थांबले. म्हणाले, "हे एकटं पडलंय म्हणून गरीब आहे. जोडून बघ. शेजारच्या डबक्यापर्यंत एक चर खण. जाती वाढतात का बघ. निरीक्षणाला प्रयोगाची जोड मिळेल." मी बाजारातून छिन्नी आणि हातोडी घेऊनच बस धरली.

मावशीला सांगितलं, तर ती चूल फुंकत होती. धुरातून डोळे बारीक करून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कशापायी?"

"शिकायला."

"एकलं हाय त्ये ऱ्हाऊ दे की एकलं."

शिकलेली मुलगी होते मी. एकटं असणं वाईट आणि जोडलेलं असणं चांगलं, हे मला त्या महिन्यात आकड्यांनी पटलं होतं. शिवाय तिच्या घरातलंच उदाहरण माझ्यासमोर होतं. दरीतली वाट बुडली नसती तर मायलेकींना घसे ताणावे लागले असते का?

त्यानंतर सड्यावर नुसता पाऊस होता. सहा-सात दिवस मला बाहेर काम करता आलं नाही. मग एका मंगळवारी सकाळी पाऊस थांबला. धुकं होतं, पण वारा पडलेला. त्याच सकाळी खालच्या वाडीतून एक माणूस मावशीला न्यायला आला. कुणाची तरी सून अडली होती. मामा म्हशी घेऊन लांब गेले होते. मावशीनं घोंगडी डोक्यावर घेतली आणि दारातून वळून म्हणाली, "पोरी, आज दुपारी तेवढं कड्यावर जाऊन ऱ्हा. मी न्हाई दिसले तर सगुणा जिवाला लावून घ्यायची. एक लांब हाळी दे आन तिची ऐकून ये."

मी "हो" म्हटलं.

मी छिन्नी-हातोडी घेऊन सतरा नंबरपाशी गेले. म्हटलं, दुपारपर्यंत चर होईल, मग कड्यावर जाऊ. तिथून कडा हाकेच्या अंतरावर होता. जांभा मऊ असतो असं म्हणतात, पण वरचं कवच कठीण. मी ठोकत राहिले. हातांना फोड आले. उंचवट्यावरून खालच्या डबक्यापर्यंत चर दोन हात लांब, चार बोटं खोल करायचा होता. वेळेचं भान राहिलं नाही. धुक्यात सावलीही नसते.

तेव्हा ती आली.

हातोडी वर उचललेली होती, आणि खाली येण्याआधीच्या त्या क्षणात मला पूर्वेकडून काहीतरी ऐकू आलं. मी थांबले. सगळीकडे पांढरं. पाणी ठिबकत होतं. पुन्हा आली. तुटक. आणि लगेच तिच्यामागे दुसरी.

मी हे इतक्या वर्षांत कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं आहे की ते टिटवीचं ओरडणं होतं. माझ्याच हातोडीचा प्रतिध्वनी कड्यावरून परत आला होता. त्या वेळीही मी हेच सांगितलं. पण मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी होते. टिटवी कशी ओरडते ते मला माहीत होतं. मी उठून कड्यावर गेले असते तर पन्नास पावलं होती. चर संपायला चार बोटं उरली होती, आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं.

मी हातोडी खाली आणली. त्यानंतर थांबलेच नाही, म्हणून त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

चर पूर्ण झाला तेव्हा पावसाला सुरुवात झाली. खालच्या डबक्यातलं पाणी मावेना, ते चरात शिरलं आणि सतरा नंबरच्या पाण्याला मिळालं. मी भिजत उभी राहून बघत होते. पहिला पाणढेकूण चरातून आत शिरला, तो मी डोळ्यांनी पाहिला.

दिवेलागणीला मावशी परतली. खालच्या वाडीतली सून सुटली होती, मुलगा झाला होता. मावशी दमली होती पण खुशीत होती. पायावर पाणी घेता घेता तिनं विचारलं, "आली व्हती का गं हाळी?"

मी चुलीपाशी बसले होते. हातांचे फोड धुरात चुरचुरत होते.

"धुकं फार होतं, मावशी. काही ऐकू नाही आलं."

"व्हय, आज धुकं लय," ती म्हणाली, आणि मला ताक ओतून दिलं.

बुधवारी वारा सुटला. मावशी कड्यावर गेली, पण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येऊ नये असा वारा होता. गुरुवारीही तसंच. मी दोन्ही दिवस सतरा नंबरपाशी होते. भुंगे आले होते, चतुराची एक अळी आली होती, बेडकांची पिल्लं आली होती. उताणी कमी झाली होती. मी गाळणीनं मोजत होते आणि लिहीत होते.

गुरुवारी संध्याकाळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, पिंढऱ्यांवर जळवा लागलेल्या. तो सगुणाचा धाकटा दीर होता, बिरू. पाण्याला वळसा घालून, दोन दिवस चालून आला होता.

"मामी, वैनीला येळंच्या आधीच कळा लागल्यात. मंगळवारी दुपारी आमी कड्यावरनं हाळ्या दिल्या. दोगं-तिगं ओरडलो. घसं बसलं. तुमचा जबाब न्हाई आला. मग बुधवारी उजाडताच मी निगालो."

मावशीचा हात कपाळावर गेला. "मंगळवारी मी खालच्या वाडीत हुते रं. दुसऱ्याच्या सुनंला सोडवत हुते." मग ती माझ्याकडे वळली आणि पुन्हा बिरूकडे. "ही पोरगी हुती कड्यावर. तिलाबी न्हाई आलं ऐकू. धुकं लय हुतं."

तिनं माझी बाजू घेतली. मला कुणी विचारायच्या आत, कुणी काही म्हणायच्या आत, तिनं माझ्यासाठी साक्ष दिली. तेव्हा तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. बिरू जळवांवर मीठ चोळत बसला होता. मामा कंदील शोधत होते. मी उठून त्यांच्यासाठी भाकरी बांधली.

शुक्रवारी झुंजूमुंजू होताना तिघं निघाले. शनिवारी तिन्हीसांजेला पोहोचले. सगुणा शुक्रवारी पहाटे गेली होती. मुलगी गुरुवारी रात्री झाली होती, जिवंत. सगुणाचं रक्त थांबलं नव्हतं. तिथल्या बायकांनी जे जमेल ते केलं, पण सड्यावर रक्त थांबवणारे हात एकाच बाईचे होते.

मंगळवारी संध्याकाळी मी खरं सांगितलं असतं तर मावशी बुधवारी पहाटे निघाली असती. गुरुवारी दिवेलागणीला तिथे पोहोचली असती. मूल व्हायच्या आधी. हे मी तेव्हा बोटांवर मोजलं, आणि आजही श्रावणात चपला पुसताना बोटं आपोआप मोजतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्यापुढे बोट जात नाही. मावशी पोहोचली असती म्हणजे सगुणा वाचलीच असती का, ते कुणालाच सांगता येणार नाही, मला तर नाहीच.

ते परत येईपर्यंत घरात मी एकटी होते. शेजारची एक बाई येऊन म्हशी पिळून जायची. दिवसभर धुकं. मी दार लावून बसले तरी कुडाच्या फटींतून ते आत यायचं. म्हशी मान वर करून पूर्वेकडे बघायच्या, निदान मला तसं वाटायचं. एकदा मी कड्यावर गेले. तोंडाभोवती तळवे धरले. मग हाळी न देताच परत आले.

सतरा नंबरमध्ये आठव्या दिवशी सहा प्रकारचे जीव होते. उताणं एकही नव्हतं. मी पाणी ओंजळीनं काढून पाहिलं, तळाची माती बोटांनी चाळली. वहीत लिहिलं: जोडण्यापूर्वी जाती एक, जोडल्यावर सहा. आकडा खोटा नव्हता.

मावशी आली ती छातीशी घोंगडीचं गाठोडं धरून. आत ती मुलगी. बापाला तिला सांभाळणं शक्य नव्हतं. मावशी रडली नाही. तिनं शेळीचं दूध कोमट केलं, कापसाची वात भिजवली आणि थेंब थेंब बाळाच्या ओठांवर सोडत बसली. मला म्हणाली, "तुजं काम झालं का?" मी म्हणाले, "झालं."

प्रबंध मान्य झाला. सरांनी त्या सहा जातींच्या पानावर लाल शाईनं 'उत्तम' असं लिहिलं. मला साताऱ्यातच शिकवायची नोकरी लागली. मी दुसऱ्यांच्या मुलांना पाण्यातल्या जीवांबद्दल शिकवू लागले, आणि वर्गात खडू वाजला की दचकू लागले. खडूचा फळ्यावरचा टकटक आवाज. मी मधेच थांबायचे आणि ऐकायचे. मुलं एकमेकांकडे बघायची.

पुढच्या श्रावणात मी पुन्हा सड्यावर गेले. सरांना म्हटलं, पुन्हा मोजायला जाते. खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. पहिल्यांदा सतरा नंबर पाहिलं. चर तसाच होता, त्यावर शेवाळ धरलं होतं. धुरळ्यात पडलेली अंडी पाण्याबरोबर वाहून गेली की आलेल्यांनी खाल्ली, माहीत नाही. त्या पावसाळ्यात तिथून कुणी उठलं नाही. इतर डबक्यांतही नाही.

घराजवळ आले तर मावशीचा आवाज ऐकू आला, "सगुने! ए सगुने!" माझे पाय जागीच थांबले. धुक्यातून एक वर्षाचं पोर रांगत, पडत बाहेर आलं. आईचंच नाव लेकीला ठेवलं होतं. त्यामुळे त्या घरात दिवसभर त्या नावानं हाका चालायच्या.

तिसऱ्या दिवशी मामा म्हशींमागे गेले तेव्हा मी मावशीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. हातोडी, दोन तुटक हाळ्या, पन्नास पावलं, उरलेली चार बोटं. तिनं मधे एकदाही विचारलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाशी उभी केली. ती फुगली. मग दुसरी. माझं बोलून संपलं तरी ती थापतच होती. मला वाटत होतं ती ओरडेल, मारेल. मी त्यासाठीच आले होते.

शेवटी तिनं हात धुतले.

"वरीसभर ह्ये तुज्यापाशी हुतं?"

"हो."

"आन आता मला दिलंस." ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. "तू हलकी झालीस, पोरी. मी ह्ये कुटं ठिवू?"

मी परातीबाहेर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत राहिले.

"इतके दिस मी म्हनायची, धुकं हुतं. देवाचं धुकं. त्याला काय बोलनार? आता मी त्येला काय म्हनू?" तिनं परातीतलं पीठ एका बाजूला ओढलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यास्नी सांगू नगंस. त्येंचा तुज्यावर लय जीव हाय. म्हनत्यात, पोरगी लेकीवानी हाय. त्येंच्यापतुर ह्ये जाऊ देऊ नगंस. माज्यापाशीच ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी निघाले. मावशी दारापर्यंत आली नाही, आत म्हशीला पाणी दाखवत होती. मामांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि पायवाटेनं मला खाली बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. तीन तासांची वाट. ते सगळा वेळ बोलत होते. नात कशी म्हशीच्या शेपटीला धरून उभी राहते, कशी खोटंखोटं रडते. "ताई, तिला शाळंत घालनार हाय मी. तुमच्यावानी शिकवायची. तुमी हाय म्हून धीर हाय." मी हो हो म्हणत मागून चालत होते. त्यांच्या मानेवर ट्रंकेचा भार पडून शिरा वर आल्या होत्या. दोन-तीनदा म्हटलं, मामा, जरा मी घेते. ते म्हणाले, "लेकीनं वझं घ्यायचं व्हय?"

बस आली. त्यांनी ट्रंक टपावर चढवून दिली, खिडकीशी आले आणि काचेवरचं पाणी तळहातानं पुसून आत बघत म्हणाले, "ताई, पोचला की चिठ्ठी टाका बरं का. तुमची मावशी काळजी करत बसंल."

"टाकते," मी म्हटलं.

साताऱ्याला पोहोचल्यावर मी कार्ड घेतलं, पत्ता लिहिला, 'सुखरूप पोहोचले' एवढं लिहिलं. मग ते कार्ड फाडून टाकलं. त्यानंतर मी सड्यावर कधी गेले नाही आणि चिठ्ठीही टाकली नाही.